'बारा लाख डिग्रीत घालवू नका, धंद्यात घाला' म्हणणाऱ्यांनी आधी ते बारा लाख कुठे असतात ते दाखवावं

कृष्णाकाठ

कॅप राउंड, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या, सुरू झाले की तो मजकूर ग्रुपांवर फिरायला लागतो, यंदाही लागलाय. कुणा बिझनेस कोचचा आहे. म्हणणं थोडक्यात असं: इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत बारा लाख जातात आणि पोरगं बाहेर पडून पंचवीस हजारांवर लागतं. तेच बारा लाख अठराव्या वर्षी त्याच्या हातात द्या, चार वर्षांनी तोच चार इंजिनिअर कामाला ठेवेल. माझ्या भाच्याने हे वाचून बापाला सांगितलं, 'मला ॲडमिशन नको, पैसे द्या.' बाप एसटीत कंडक्टर. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत झाली, त्यातली बरीच सांगली-कोल्हापूरकडच्या शाखांत, कर्जाच्या टेबलावर. शिक्षणाची कर्जं केली, धंद्याची केली, दोन्हींची वसुलीही केली. तर पहिली गोष्ट, हे बारा लाख मुळात असतात कुणाकडे? कंडक्टरकडे नसतात, दीड एकर ऊसवाल्याकडे नसतात. समजा कॉलेजची फी वर्षाला एक लाख आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी फी सरकार भरतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप वेगळी. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण फी माफ. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही आणि हप्ता कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू होतो. राहण्या-जेवणाचं बाप महिन्याच्या महिन्याला पाठवतो, पगारातून किंवा दुधाच्या बिलातून. असे ते लाख चार वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी उभे राहतात, आणि त्यातला मोठा तुकडा घरचा नसतोच.

आता हाच मुलगा धंद्याचं कर्ज मागायला येतो. योजना आहेत, नाही म्हणत नाही. सरकारच्या मुद्रा कर्जात शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत उत्पादनाच्या युनिटला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. पण पाच-दहा टक्के स्वतःचे आधी घालावे लागतात, आणि अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. प्रोजेक्ट रिपोर्ट, मशीनचं कोटेशन, शेडचा भाडेकरार हे सगळं जमवलं तरी मॅनेजर एकच प्रश्न विचारतो: 'आधी हे काम कुठे केलंयस?' अठरा वर्षांच्या पोराकडे त्याला उत्तर नसतं. मग तारण नको असा नियम असूनही शाखेत सातबारा विचारला जातो, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो.

सरकार निम्मी फी भरतं ती कॉलेजात प्रवेश घेतला तर. त्या पैशातून लेथ घेऊन देत नाही. कोचसाहेब शिष्यवृत्तीची तुलना बापाच्या जमिनीशी करताहेत आणि दोन्हींना 'बारा लाख' म्हणताहेत. कृपया असले मजकूर पुढे ढकलू नका, समोरच्या घरात भांडणं लागतात.

व्हर्नियर

काका, तुम्ही टेबलावरून बघितलंत, आता शॉपफ्लोअरवरून बघा.

माझं कोल्हापूरजवळ शिरोलीत छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. बारावीला गणितात उडालो आणि चुलत्याच्या शॉपवर हेल्पर लागलो. लेथखालचा कीस भरणं, कूलंट बदलणं, चहा आणणं. पुढे ऑपरेटर, पुढे सेटर. मग जुना लेथ घेतला, मग दुसरा. आज व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आहे, कर्जावर आहे, पण आहे.

गेल्या महिन्यात मेकॅनिकलचा एक पदवीधर मुलाखतीला आला. डिस्टिंक्शन. मी त्याच्या हातात बेअरिंग हाउसिंग दिलं आणि बोअर, म्हणजे आतलं भोक, माप म्हटलं. त्याने व्हर्नियर उलटसुलट केलं आणि खालचे मोठे जबडे बोअरमध्ये घालायला बघितले. वरचे दोन छोटे जबडे आतलं माप घ्यायला असतात, हे चार वर्षांत कुणी त्याला हातात धरून दाखवलं नव्हतं. माझा आयटीआयचा पोरगा शेजारी उभा होता, तो मान खाली घालून उभा राहिला, त्याला बघवेना. मला त्या मुलाचा राग नाही आला. ज्यांनी त्याच्या बापाकडून फी घेतली त्यांचा आला.

तुमची निम्मी फी सरकार भरतं हे बरोबर, पण उरलेली निम्मी, खोली, मेस आणि चार वर्षं कोण परत देणार? पोराचं वय १८ ते २२ जातं. हात वळायचं वय तेच असतं.

विनाअनुदानित

व्हर्नियर, तुमचा राग रास्त आहे, पण पत्ता चुकतोय. मी अशाच एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, पुढच्या महिन्यात पगार झाला तर हवा आहे.

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. त्यामुळे खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली, हे मी नाकारणार नाही, मीही त्यातलाच. पण आज काय चाललंय ते ऐका. वर्कशॉपला मंजूर पदं आहेत, माणसं नाहीत. इन्स्ट्रक्टर निवृत्त झाला की जागा भरत नाहीत. व्हर्नियर दहा आहेत, चालतात चार, बॅचमध्ये वीस मुलं. एक मापतो, बाकीचे त्याचं रीडिंग जर्नलमध्ये उतरवतात. मी ओरडतो, पण तासाभरात वीस जणांच्या हातून प्रत्येकी एक माप घेऊन बघा तुम्हीच. समिती यायची असली की मशीनला रंग लागतो. आमचे पगार थकतात, दिवाळीला अर्धा होतो, मग पुन्हा शांतता. शुल्क नियामक प्राधिकरणाकडे फी मागताना आमच्या पगाराचा पूर्ण आकडा खर्चात दाखवला जातो. तो आम्हाला मिळाला का, हे कुणी येऊन आम्हाला विचारलंय?

कॉम्प्युटरच्या जागा वाढवत सुटलेत आणि मेकॅनिकल, सिव्हिल ओस. मग व्हर्नियरसारखे कारखानदार म्हणणार, डिग्री बोगस. डिग्री बोगस नाही, ती देणाऱ्यांनी पोकळ केली.

मावळा_उद्योजक

मराठी पोरांना नोकरीची गुलामगिरी शिकवणारे असे बँकवाले आणि मास्तर आहेत तोवर आपण मागेच राहणार. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे कुठली डिग्री होती? बेळगावला सायकलचं दुकान टाकलं आणि उद्योग उभा केला. धाडस लागतं!

जुनी_पेठ

मावळा, अर्धी गोष्ट सांगू नका. लक्ष्मणराव मुंबईला गेले ते आधी जे.जे.मध्ये चित्रकला शिकायला, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि तिथेच शिकवत होते. बेळगावचं सायकलचं दुकान १८८८ चं, नांगर त्यानंतर, आणि किर्लोस्करवाडी १९१०. म्हणजे हातात त्या काळातलं पक्कं तांत्रिक शिक्षण होतं. आणि स्वतःच्या मुलाचं त्यांनी काय केलं? शंतनुरावांना अमेरिकेत एमआयटीला पाठवलं, ते १९२६ मध्ये तिथून इंजिनिअर होऊन आले. धंदा घरचा असताना पाठवलं. याचा विचार करा.

मावळा_उद्योजक

एमआयटीला पाठवलं, कुठल्या तरी माळावरच्या पत्र्याच्या कॉलेजात नाही पाठवलं. फरक समजून घ्या.

जुनी_पेठ

हा फरक मान्य. पण मग 'कुठलं कॉलेज' हा प्रश्न झाला, 'डिग्री की धंदा' हा राहिला नाही.

स्वाती_ल

व्हर्नियरदादा, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण तुमच्या गोष्टीतला एक शब्द मला टोचला. चुलता.

माझे वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल होते. आमच्या सगळ्या नात्यात एकाचंही शॉप नव्हतं, दुकान नव्हतं, साधी टपरी नव्हती. बारावीनंतर मी कुणाच्या लेथखालचा कीस भरायला जाणार होते? आणि मुलगी म्हणून कुणी उभं केलं असतं का, तेही सांगा. मला सरकारी कॉलेज मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली, पहिली नोकरी साडेतीन लाखांची. त्या साडेतीन लाखांना सगळे नावं ठेवतात, आणि दहा-पंधरा वर्षं मोठ्या आयटी कंपन्यांनी फ्रेशरचा पगार तिथेच ठेवलाय हे खरं आहे, त्याची मलाही चीड आहे. पण आमच्या घरात दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम येण्याची ती पहिलीच वेळ होती. वडिलांनी पाठीवर पोतं घेणं मी दुसऱ्या वर्षी थांबवलं. धाडसाच्या गोष्टी मला सांगू नका. ज्यांच्या घरात पडलं तर झेलणारं कुणी आहे त्यांनी धाडस करावं.

व्हर्नियर

स्वातीताई, चुलता होता म्हणून फुकटात मिळालं असं वाटत असेल तर ऐका. चुलत्याने पहिलं वर्षभर पगार दिला नाही, 'शिकतोयस ना' म्हणून. बोटाचं पेर गेलं त्या शॉपवर, दवाखान्याचं बिल माझ्या आईने भागवलं. वेगळा झालो तेव्हा त्याने आमच्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. झेलायला कुणी नव्हतं.

स्वाती_ल

दादा, तुमच्या बोटाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. तरीही दार तुमच्यासाठी उघडं होतं. आमच्यासाठी ते दारच नव्हतं. एवढंच म्हणणं आहे.

व्हर्नियर

बरं. दार होतं. लिहून घ्या.

आणि काका, कर्जाचं तुम्ही बोललात, पण धंदा मरतो तो कर्जाने नाही, पेमेंटने. माल दिला की नव्वद दिवस, कधी एकशेवीस. जीएसटी मात्र पुढच्या महिन्यात भरायचा. कायदा आहे म्हणे, ४५ दिवसांत द्यायचे.

कृष्णाकाठ

आहे. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि आता आयकरातही तरतूद आलीय, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर तक्रार करता येते.

व्हर्नियर

रजिस्ट्रेशन आहे. माझ्या शॉपचं सत्तर टक्के काम एकाच कंपनीचं. तिच्यावर तक्रार करू? दुसऱ्या दिवशी काम काढून शेजारच्या शॉपला देतील. कायदा करणाऱ्यांनी एकदा येऊन आमच्या गेटवर उभं राहावं.

नलूताई

मघापासून सगळे फी आणि लेथवर बोलताय, आता मी बोलते.

माझ्या मुलाने बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. गावात दूध संकलन, त्याला जोडून पनीर-खव्याचं युनिट. पुण्यातल्या इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो, हे मी आई म्हणून नाही, वह्या मी लिहिते म्हणून सांगते. वय ३१. स्थळं येत नाहीत. मध्यस्थ फोनवर पहिला प्रश्न विचारतो, 'शिक्षण?' दुसरा, 'नोकरी कुठे?' धंदा म्हटलं की 'कळवतो'. एका घरी तर मुलीच्या बापाने विचारलं, पुण्यात फ्लॅट आहे का. आमचं गावातलं घर, जागा, युनिट बघायलाही आले नाहीत. त्याच गावातला एक मुलगा पुण्यात अठरा हजारांवर कुठल्याशा कंपनीत आहे, त्याचं दोन महिन्यांत जमलं.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं, पोराला डिग्री घ्यायला लावा. धंदा करायचा तो करू दे, पण डिग्री आधी. आमच्या पोराची चूक काय, सांगा.

सोलापूरकर

नलूताई, २०२२ च्या डिसेंबरात आमच्या सोलापुरात लग्न न झालेल्या पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. सगळ्या टीव्हीवाल्यांनी हसत हसत दाखवला. हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांची मागणी गर्भलिंग तपासणीचा कायदा कडक राबवा अशी होती. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. २००१ ची ती मुलं आज लग्नाच्या वयात आहेत. डिग्रीने काय होणार? मुलीच कमी आहेत, मग ज्यांच्याकडे निवड आहे त्या पक्की नोकरी निवडणार.

नलूताई

म्हणजे आम्ही मुली मारल्या, असं म्हणायचंय का तुम्हाला? मला दोन मुली आहेत, दोघी शिकल्या. माझ्या दुःखावर जनगणना टाकू नका.

सोलापूरकर

तुम्हाला म्हटलं नाही, ताई. समाजाचं सांगितलं.

रानमेवा

नलूकाकू, मी दुसऱ्या बाजूची. माझं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे, माझ्या नावावर, माझ्या परवान्यावर. मलाही स्थळं येतात. एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही की दुकान कसं चालतं, उधारी किती, सीझनला किती माल उचलतेस. एकच प्रश्न: 'लग्नानंतर दुकान कोण बघणार?' मी बघणार म्हटलं की तुमचं 'कळवतो' मला ऐकायला मिळतं. तेव्हा हे फक्त मुलांचं दुःख म्हणून मांडू नका.

आणि मुलीकडचे नोकरी का बघतात, तेही सांगते, तुम्हाला राग येईल. धंद्यात एक सीझन बसला की घरातलं पहिलं गहाण काय पडतं? सुनेचं सोनं. माझ्या आईचं पडलं होतं, वडिलांच्या आधीच्या धंद्यात. सोडवलं, पण पाटल्या आल्याच नाहीत परत. मुलीच्या बापाला फ्लॅट हवा असतो असं तुम्हाला वाटतं. त्याला ते गहाण नको असतं.

नलूताई

आम्ही सुनेच्या सोन्याला हात लावणारी माणसं नाही. न बघता लोकांना एका माळेत ओवू नका.

रानमेवा

तुम्ही नसाल. पण मुलीच्या बापाला हे बैठकीत कसं कळणार? तुमच्या वह्या तुम्ही दाखवल्या का कुणाला? कुठला धंदेवाला दाखवतो? पगाराची स्लिप मागितली की नोकरीवाला देतो. धंदेवाल्याला रिटर्न मागितलं की 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणून उठतात.

कृष्णाकाठ

रानमेवा यांचं शब्दन् शब्द खरं आहे. सोनेतारणाच्या टेबलावर मी हे बघितलंय. नवरा पुढे बोलत असतो, बायको मागच्या खुर्चीत, बांगड्या काढायला साबण मागतात. कागद वाचायला तिच्याकडे सरकवला तर तो मध्येच घेऊन म्हणतो, 'सही कुठे ते सांगा फक्त.' सह-कर्जदार म्हणून सही करणाऱ्या कितीजणींना आपण कशाला बांधले जातोय हे माहीत असतं? धंदा बुडाला की त्यांचाही सिबिल, म्हणजे बँकेतली पत, जातो. बारा लाख धंद्यात घाला म्हणणारा कोच या खुर्चीतल्या बाईबद्दल एक ओळ लिहीत नाही.

व्हर्नियर

काका, शैक्षणिक कर्जालाही बाप सह-कर्जदार असतो. पोराला नोकरी नाही लागली तर बापाचा सिबिल जातोच. ते का लिहीत नाही?

कृष्णाकाठ

जातो. वसुलीला मी अशा घरी गेलोय. पण तिथे घराला कुलूप लागत नाही आणि अंगावरचं सोनं जात नाही, चार लाखांच्या आत तर मार्जिन, म्हणजे स्वतःचा हिस्साही, घालावा लागत नाही. दोन्हींची झळ सारखी असं म्हणू नका.

मावळा_उद्योजक

चर्चा लग्नावर नेऊन ठेवली. म्हणूनच मराठी माणूस...

रानमेवा

लग्नावर नेली कारण घर तिथेच ठरतं आणि धंद्याचं भांडवलही तिथूनच येतं, दादा. सासऱ्याकडून 'धंद्याला मदत' मागणारे कमी आहेत का?

मूळ प्रश्नावरही सांगते. माझी बी.एस्सी. ॲग्री. कीटकनाशकांचा परवाना शिक्षणाशिवाय निघत नाही. जुन्या दुकानदारांना वर्षभराचा 'देसी' हा कृषी विक्रेत्यांसाठीचा डिप्लोमा करावा लागला. म्हणजे माझ्या धंद्याचं दारच डिग्री आहे. मेडिकलचंही तसंच. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही. आमच्या चौकातल्या एका मेडिकलमध्ये भिंतीवर फ्रेममध्ये एका मुलीचं सर्टिफिकेट आहे. ती मुलगी त्या दुकानात मी कधी बघितली नाही. महिन्याला काही हजार देऊन सर्टिफिकेट टांगलंय आणि काउंटरवर दहावी झालेला मुलगा अँटिबायोटिक देतो. डिग्रीला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं. शिक्षण नको, पण कागद हवा, भाड्याने का होईना.

विनाअनुदानित

आणि त्या मुलीला त्या काही हजारांपेक्षा जास्त पगार कुणी देत नाही, म्हणून तीही देते. हेही लिहा.

श्टुटगार्टकर

इकडचं सांगतो. जर्मनीत पोरं शाळेनंतर कंपनीत उमेदवारी करतात, आठवड्यातले काही दिवस कारखाना, काही दिवस व्यवसाय शाळा, पगार पहिल्या महिन्यापासून. पण कित्येक हस्तव्यवसायांत, उदाहरणार्थ इलेक्ट्रिशियनचं स्वतःचं वर्कशॉप काढायचं तर माइस्टरची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यात हिशेब, कायदा, शिकाऊ पोरांना कसं शिकवायचं हेही असतं. म्हणजे धंद्यालाही शिक्षण लागतंच, फक्त ते व्हर्नियर यांच्या शॉपवर आणि विनाअनुदानित यांच्या वर्गात मिळून होतं. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. व्हर्नियर, तुम्ही किती अप्रेंटिस घेता?

व्हर्नियर

घेत नाही. सहा माणसांचं शॉप आहे. शिकवून तयार केला की मोठी कंपनी दोन हजार जास्त देऊन नेते. मी शिकवायचं आणि त्यांनी न्यायचं.

विनाअनुदानित

मग आमच्या पोरांना व्हर्नियर येत नाही म्हणून ओरडायचं कशाला? मला पगार नाही म्हणून मी शिकवायचं थांबवलेलं नाही.

व्हर्नियर

सर, हे लागलं. बरोबर आहे, पण मी फी घेत नाही, तुमचं कॉलेज घेतं.

बारावी_झालेला

सगळ्यांना नमस्कार. मी सगळं वाचलं. मला सीईटीत ७१ पर्सेंटाइल, पहिल्या राउंडला मेकॅनिकल मिळालंय, घरापासून चाळीस किलोमीटर, खासगी कॉलेज. परवा पाचपर्यंत सीट स्वीकारायची आहे. पप्पांची एक एकर जमीन आणि दोन म्हशी. मला मशीन आवडतात, मामाच्या गॅरेजवर दोन सुट्ट्या काम केलंय. तो मजकूर मलाही आलाय. भरू की नको?

विनाअनुदानित

बाळा, आणखी एक रस्ता आहे. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सरकारी तंत्रनिकेतन मिळालं तर फी फार कमी. दोन वर्षांनी डिप्लोमा हातात, मग वाटलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्ष जास्त जातं, पण मध्ये थांबून काम करता येतं आणि थांबलास तरी हातात काही तरी राहतं. मी शिकवतो त्यात डिप्लोमाहून आलेल्या पोरांचा हात बारावीहून आलेल्यांपेक्षा बरा असतो.

नलूताई

बाळा, डिग्री घे. माझं ऐक.

मावळा_उद्योजक

मामाचं गॅरेज आहे ना? मग विचार कसला करतोयस?

स्वाती_ल

गॅरेज मामाचं आहे, मावळा. मामाला मुलं आहेत का, ते आधी विचारा त्याला.

बारावी_झालेला

दोन मुलगे आहेत ताई. मोठा आत्ताच बसतो गॅरेजवर.

व्हर्नियर

भावा, मी काही डिग्रीचा भक्त झालेलो नाही. पण सीट सोडायच्या आधी आणि भरायच्या आधीसुद्धा उद्या त्या कॉलेजात जा. ऑफिसात माहितीपत्रक देतील, ते घेऊ नकोस. सरळ वर्कशॉप दाखवा म्हण. लेथच्या बेडवर बोट फिरव. तेल लागलं तर मशीन चालतं. धूळ किंवा गंज लागला तर पहिल्या वर्षाच्या पोरांना तिथे कुणी उभं करत नाही. मग तंत्रनिकेतनाचं सर म्हणतात ते बघ. दुसरं, शेवटच्या वर्षाच्या पोराला गाठून व्हर्नियर कुणी शिकवलं ते विचार. आणि डिप्लोमा असो की डिग्री, सुट्टीत शिरोलीला ये. अप्रेंटिस घेत नाही म्हटलं, सुट्टीतला पोरगा घेतो.

कृष्णाकाठ

आणि जाताना पप्पांना घेऊन जा. फी भरायची वेळ आली तर राजर्षी शाहू योजनेत बसतोस तेव्हा शिक्षण शुल्काची निम्मीच रक्कम घ्यायला हवी, पूर्ण भरा नंतर परत देऊ असं सांगतील, ते ऐकू नका. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागेल, तहसीलमध्ये सध्या गर्दी आहे, अर्ज उद्याच सेतूत टाका. डोमिसाइलची प्रत काढून ठेवा. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा, फॉर्म स्वतः भर, कॉलेजच्या क्लार्कवर सोडू नकोस, आणि बँक खातं आधारशी जोडलंय का बघ. प्रत्येक रकमेची पावती घे, 'विकास निधी' असं तोंडी सांगितलं तर त्याचीही. पावती देत नसतील तर तिथे पैसे देऊ नका आणि मला इथेच कळव, मी सोबत येतो.

नलूताई

आणि रानमेवा, तुमच्या दुकानाचं गाव कुठलं? बैठकीत वह्या दाखवायला आमची तयारी आहे. तुमची असेल तर सांगा.

रानमेवा

काकू, आधी तुमच्या मुलाला विचारा, लग्नानंतर दुकान मी बघणार हे त्याला चालेल का. त्याने स्वतः उत्तर दिलं तर पुढे बोलू.